झाकलेलं पाणी

"बुजला की गं बंधारा. कशाला येवढी दगडं वाहिली म्हणते मी."

माझ्या पुढं उभ्या असलेल्या दोघींतली एक दुसरीला म्हणाली. दुसरी पदराआड हसली आणि हळूच मान वळवून तिनं माझ्या आत्याकडं पाहिलं. आत्यानं ऐकलं होतं. मला ते कळलं, कारण तिनं चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. आमच्या घराण्यात ही खोड सगळ्यांना आहे. लागलेलं दाखवायचं नाही.

ही परवाची गोष्ट. माण तालुक्याच्या पूर्व टोकाला, जिथून थोडं पुढं गेलं की सांगलीकडचं आटपाडीचं रान लागतं, तिथं आत्याची वस्ती आहे. वस्तीच्या खालून एक ओढा जातो. जातो म्हणायचं इतकंच. वर्षातले बरेच महिने तो नुसता पडून असतो. या ओढ्यावर गेल्या उन्हाळ्यात वस्तीनं श्रमदानातून पुरुषभर उंचीची भिंत बांधली. त्यासाठी आत्या घरोघर फिरली होती. कुणाच्या मेंढ्या रानात, कुणाची माणसं ऊसतोडीहून नुकती परतलेली, कुणाचा मुलगा फौजेतून सुट्टीवर आलेला. तिनं कुणालाच सोडलं नाही. भिंत उभी राहिली. परतीच्या पावसात माळावरून लोंढा आला आणि येताना एवढी वाळू घेऊन आला, की भिंतीमागची सगळी जागा काठोकाठ वाळूनंच भरली. पाणी वरून वाहून गेलं. तेव्हापासून त्या जागेला वस्तीवर 'पारूबाईचं वाळवंट' म्हणतात. पारू हे माझ्या आत्याचं नाव.

आणि परवा सकाळी काठावर जेसीबी येऊन उभा राहिला. शेजारच्या गावचा एक यंत्रवाला म्हणाला होता, बंधारा रिकामा करून देतो, काही देऊ नका, वाळू तेवढी मी नेणार. यात कुणाला वावगं वाटलं नाही. आमच्या भागात दर उन्हाळ्यात हेच चालतं. तलाव असो, बंधारा असो, मे महिन्यात त्यातला गाळ उपसायचा आणि आभाळाकडं बघत बसायचं. लोकांच्या हाताला ती सवयच आहे. बंधाऱ्यात पाण्याशिवाय दुसरं काही दिसलं, की हात खोऱ्याकडं जातो.

मी सगळ्यांच्या मागं, बाभळीच्या विरळ सावलीत उभी होते. मागं उभं राहणं मला चांगलं जमतं. समोरची वाळू उन्हात चमकत होती. अशी काठोकाठ भरलेली वाळू मी याआधी दुसऱ्या मुलखात पाहिली होती. तिथं ती बघून बायका नाचल्या होत्या.

त्या हंगामाला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी, कॉलेज संपल्यावर, मी एका संस्थेमार्फत केनियातल्या माकुएनी भागात एका खेड्यात राहायला गेले होते. जुलै ते ऑक्टोबर. इकडं पाचगणीला धुकं खिडकीतून आत येत असेल, कपडे आठ-आठ दिवस वाळत नसतील, आणि तिकडं मी लाल मातीत, काटक्या झालेल्या झाडांखाली, निळ्या कोरड्या आभाळाकडं बघत होते. पावसाळ्याच्या महिन्यांत उन्हाळा भोगताना शरीर गोंधळतं. सकाळी जाग आली की कान पागोळ्यांचा आवाज शोधायचे आणि त्यांना कोंबड्यांचा आणि पत्र्यावर टपटपणाऱ्या सुक्या शेंगांचा आवाज मिळायचा.

जायचं ठरलं तेव्हा घरी थोडी गंमत झाली होती. पप्पा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांना कुणी कुठं जाण्याचं काही वाटत नाही. त्यांनी फक्त बूट कुठले घेतेस ते विचारलं. आत्यानं मात्र फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आगं, दगडंच उचलायची हायती, तर आमच्या वड्यात ये की. तितं काय गोरी दगडं हायती व्हय?"

याचं पूर्ण उत्तर मला आजही देता येईल असं नाही. एवढंच सांगता येईल, की परक्या ठिकाणी माझ्या गप्प राहण्याला कारण मिळायचं. भाषा येत नाही म्हणून बोलत नाही, असं तिथं लोक समजून घेतात. आत्याच्या वस्तीवर मला भाषा येते आणि तरी मी बोलत नाही, याचं कारण काय सांगणार? लहानपणापासून मी पाचगणीच्या वसतिगृहात. सुट्टीत इथं आले की माझं मराठी ऐकून आतेभाऊ हसायचे. 'मला भूक लागली आहे' म्हटलं, की 'आहे' या शब्दावर सगळे गडाबडा लोळायचे. त्यांनी माझं नाव स्ट्रॉबेरी ठेवलं होतं. पाचगणीहून येते, गाल लाल होतात आणि हात लावला की लगेच मऊ पडते, म्हणून. ते नाव अजून चालू आहे.

माकुएनीत मी म्वेंदे नावाच्या बाईंच्या घरी राहायचे. त्या माझ्या आत्याच्याच वयाच्या, तशाच काटक. पाण्याचा पिवळा कॅन त्या पाठीवर घेत आणि त्याचा पट्टा कपाळाला लावत, त्यामुळं त्यांच्या कपाळावर एक सौम्य खळगा पडला होता. आत्याच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस विरळ आहेत. पाणी माणसावर कुठं ना कुठं सही करून जातं. म्वेंदेंच्या चुलीचा वास, शेळ्यांचा वास, कांडलेला मका आणि घेवडा एकत्र रटरटतानाचा वास, हे सगळं इतकं आमच्या वस्तीसारखं होतं, की पहिल्याच संध्याकाळी मला घरची आठवण यायला हवी होती. ती आली नाही. घर सोडून आल्यासारखं वाटलंच नाही तर आठवण कशाची येणार?

म्वेंदेंना थोडं इंग्रजी येई. त्यांचं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षा पुष्कळ मोडकं होतं, पण त्या ते बेधडक वापरत. क्रियापदं गाळून, हात हलवून, मध्येच स्वतःच्या भाषेतला एखादा शब्द घुसवून त्या जगातलं काहीही सांगू शकत. मी मनात अख्खं वाक्य जुळवते, तपासते, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

त्या गावातही कोरड्या नदीवर भिंत बांधायचं काम चाललं होतं. बायकांचा गट ठरलेल्या वारी जमायचा. दगडांची साखळी करायची, हातातून हातात दगड पुढं जायचे, एकजण गाण्याची ओळ उचलायची आणि बाकीच्या ती झेलायच्या. माझ्याकडं दगड आला की गाणं किंचित अडखळायचं. पहिल्या दिवशी मी ढिगातून दगड निवडत बसले होते, तर म्वेंदेंनी ओरडून सगळ्यांना विचारलं, ही भाजी घेतेय का? साखळी हसून हसून मोडली. मीही हसले. टिंगलीला तिथंही काही तोटा नव्हता, आणि ती आपल्यातलं समजूनच केली जाते, हे मला सातासमुद्रापलीकडं कळलं.

एक दिवस म्वेंदे मला वरच्या बाजूला, त्यांनी पूर्वी बांधलेला बंधारा दाखवायला घेऊन गेल्या. मोठ्या कौतुकानं नेलं. मी बघितलं तर भिंतीमागं नुसती वाळू. सपाट, पांढरी, काठाला टेकलेली. मला वाईट वाटलं. एवढ्या बायकांनी एवढी वर्षं दगड वाहिले आणि शेवटी हे झालं! काय बोलावं कळेना, म्हणून मी विचारलं, पाणी कुठं आहे?

म्वेंदेंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं आत्या स्वयंपाकघरात हरवलेल्या माझ्याकडं बघते. मग म्हणाल्या, "तू दूध अंगणात उघडं ठेवतेस का?"

त्या वाळूत गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी खणू लागल्या. वाळूचा रंग पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तपकिरी. मग खळग्याच्या तळाशी काहीतरी लकाकलं आणि हळूहळू वर आलं. स्वच्छ, गार. त्यांनी लाकडी पळीनं ते अलगद उचललं आणि माझ्या तळहातावर ओतलं. बाहेर उन्हानं दगड तापले होते आणि माझ्या हातात गारवा होता.

भिंत बांधून झाली म्हणजे काम झालं, असं तिथं कुणी मानत नाही. पूर येतो, वाळू आणतो, वाळू काठाला लागते; त्या दिवशी बंधारा पुरा झाला. दाण्यादाण्यांच्या मधल्या फटीत पाणी मुरून राहतं, ऊन त्याला शिवत नाही, जनावर त्यात उतरत नाही, डास होत नाहीत. मी परत निघायच्या आठवड्यात शेजारच्या एका बंधाऱ्याला वाळू लागल्याची बातमी आली. वरच्या डोंगरात अवेळी पाऊस होऊन पूर आला होता. आम्ही सगळ्याजणी बघायला गेलो. बायकांनी चपला काढल्या आणि त्या ओल्या वाळूवर नाचल्या. मी काठावर उभी राहून त्यांच्या चपला सांभाळल्या. मला वाटतं ती माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या दुपारींपैकी एक होती, आणि मी तिच्यात एक शब्दही बोलले नव्हते.

परत आल्यावर लोक विचारत, आफ्रिकेत काय केलंस? सिंह पाहिलास का? मी म्हणायचे, दगड उचलले. ते हसायचे, विषय संपायचा. मला ते सोयीचं होतं. सातारला नोकरी लागली, दिवस भरले, आणि तो हंगाम कपाटातल्या लोकरी कपड्यांसारखा मागं गेला. मग गेल्या आठवड्यात मी सुट्टी घेऊन आत्याकडं आले, एसटीतून उतरले, आणि वैशाखाच्या वाऱ्यानं तोंडावर मूठभर धूळ मारली. त्या धुळीचा वास मला ओळखीचा होता. ऊन पिऊन पिऊन माती एका टोकाला पोचली की तिला तो वास येतो. भूगोलाच्या पुस्तकात दोन्ही जागा वेगळ्या पानांवर असतील. नाकाला ते माहीत नसतं.

आत्याच्या ओट्यात निम्मा पुरलेला रांजण आहे. टँकर आला की आधी तो भरायचा. त्यावर लाकडी झाकण, झाकणावर पालथा तांब्या. पाणी घेऊन मी झाकण नीट ठेवलं नाही की घरातून आवाज येतो, "झाकान घाल गं, स्ट्रॉबेरे. ऊन टपून बसलंया." आत्याच्या तोंडून ते टोपणनाव मला आवडतं. रांजणातलं पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं, आणि ती त्याला इतकं जपते, की पाहुण्याला तांब्या देतानाही तिचा दुसरा हात झाकणावर असतो.

मी आले त्याच दिवशी तिनं जेसीबीचं सांगितलं होतं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. वाळू काढली तर यंदा तरी पाणी थांबेल. नाही थांबलं, तर पुन्हा कुणी माझ्या हाकेला यायचं नाही बग, असं म्हणाली. तिला पाण्याइतकीच त्या हाकेची काळजी होती. वस्ती पहिल्यांदाच एकत्र येऊन काही उभारू शकली होती, आणि आता त्याचा विनोद झाला होता. मी तेव्हाच तिला सांगणार होते. वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तवा तापला आणि ती वाळूवरून पिठाकडं गेली.

तर परवा. काठावर तात्या उभे होते. तात्या म्हणजे वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. गेल्या वर्षी आत्याच्या शब्दावर पहिला दगड त्यांनीच ठेवला होता. यंत्रवाला चहा पीत होता. चहा संपला की काम सुरू होणार, हे दिसत होतं. त्याच वेळी पुढच्या बाईचं ते वाक्य माझ्या कानावर पडलं. बुजला की गं बंधारा.

बोलणं जमेना, म्हणून मी काठावर पडलेलं एक खोरं उचललं आणि वाळूत उतरले.

भिंतीपासून थोड्या अंतरावर मी खणायला लागले. मागून कुणीतरी विचारलं, स्ट्रॉबेरी लावायची हाय का? सगळे हसले. मी खणत राहिले. वाळू कोरडी होती आणि जेवढी बाहेर टाकावी तेवढी कडेनं परत आत घसरत होती. माकुएनीत मी हे शंभरदा पाहिलं होतं, केलं मात्र एकदाही नव्हतं. चपला सांभाळण्यात वेळ गेला होता. खड्डा खोल व्हायच्या ऐवजी नुसता तोंड वाकडं करून बसला.

"आसं न्हवं." आत्या माझ्या शेजारी येऊन उभी होती. "तोंड मोठं कर आधी. झिरा करतीस का काय?"

मी मान डोलावली. तिनं माझ्या हातातून खोरं घेतलं, साडी खोचली आणि खणायला लागली. लहानपणी माहेरी, माण नदीच्या पात्रात, ती पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत असेच झिरे खणायची, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मग पात्रातली वाळू गेली, टँकर आले, नळ आले, आणि ते काम हातांनी ठेवून दिलं. परवा ते हातांना पुन्हा सापडलं. कडेनं कापत, गोल फिरत, ती उतरत गेली. दोघी खाली आल्या. त्यातली एक मघाची, बुजला म्हणणारी. ती घमेलं घेऊन आली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

वाळूचा रंग बदलला. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी. मला पुढचं माहीत होतं, तरी मी वाकून बघत होते. आत्या कमरेइतकी खाली गेल्यावर तिच्या पावलांभोवती काहीतरी लकाकलं. तिनं पाय उचलला. पावलाच्या ठशात पाणी भरलं.

यंत्रवाल्यानं कप खाली ठेवला. आत्यानं ओंजळ भरली, वास घेतला, प्यायली, आणि मग ती तिथंच त्या खड्ड्यात बसली. तिला हसू येत होतं आणि ती ते लपवायला विसरली होती.

तात्याही सावकाश उतरून आले. वाकून बघितलं. "आयला," ते म्हणाले, "पारू, ह्यो तर जिता हाय."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. यंत्रवाला काठावरून म्हणाला, "म्हंजी खाली पानी हाय, तात्या. मग तर काढाच वाळू. तळंच हुईल की." माना हलल्या. खरंच होतं त्याचं. एवढं पाणी खाली आहे, वरचं ओझं काढलं की सगळं दिसेल. डोळ्यांना दिसेल, पोरं पोहतील, फोटो निघतील. तात्यांनी मान हलवली. आत्या खड्ड्यातून म्हणाली, "व्हय की. काढू या मग."

मी आत्याकडं पाहिलं. खोऱ्यानं जेवढं बोलता येत होतं तेवढं बोलून झालं होतं. यंत्रवाला चावी घेऊन वळला.

मी वाक्य जुळवायला घेतलं. ते इंग्रजीतच आलं. बाष्पीभवन, कणांमधल्या पोकळ्या, शाळेच्या पुस्तकातली आकृती. त्याचं मराठी केलं तर ते सरकारी फलकासारखं झालं. मग मला म्वेंदे आठवल्या, क्रियापदं गाळून, हात हलवून बोलणाऱ्या. त्यांनी कुठलं वाक्य जुळवलं होतं? त्यांनी मला माझ्या घरातलं दूध दाखवलं होतं.

काठावर, माणसांच्या डोक्यांवरून, आत्याचा ओटा दिसत होता. ओट्यावर रांजण, रांजणावर झाकण, झाकणावर पालथा तांब्या उन्हात चमकत होता.

इंजिनाचा पहिला आवाज झाला. मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता. सगळे माझ्याकडं वळले, आणि माझा आवाज मला अपेक्षा होती त्यापेक्षा बराच मोठा निघाला:

"तात्या, रांजण भरलाय. झाकण तेवढं काढू नका."